काथ्याची दुसरी खेप

माझ्या धाकट्याला लाज म्हणून नाही. टेसणावर त्यानं मागवलेल्या काथ्याच्या दोरानं भरलेली मालगाडीची अख्खी वाघीण येऊन उभी. गंजगोलाईच्या पेठेतल्या आमच्या दुकानात पाडव्यापासून वीतभर दोर खपलेला नाही. थोरली सून रत्नम्मा टँकरच्या पाण्यासाठी पहाटेच कोपऱ्यावर हंडे मांडून बसलेली. आणि हा चन्नबसप्पा अंगणात भिंतीला आरसा टेकवून बायकोला म्हणतो कसा, "नागम्मा, दाढीला वाटीभर पाणी दे. जरा गरम."

मी ओसरीवर विभूती लावत होते. हात तिथंच थांबला.

"वाटीभर कशाला?" मी म्हणाले. "घंगाळभर देते की. न्हा, अत्तर लाव. टेसणावर तुझी वरात येऊन थांबली हाय, ती मिरवत आण."

"अव्वा, आज नांदेडला निघायचंय मला. असलं तोंड घेऊन जाऊ का तिथं?"

"तोंड तेच न्यावं लागंल बाबा. खरवडून बदलत न्हाई ते."

तो हसला नाही, रागावलाही नाही. आरशात बघत राहिला. हीच त्याची खोड. बोलणं आपण करायचं आणि ते जाऊन पडायचं कुठंतरी त्याच्या मागं. नागम्मा वाटी घेऊन आली, माझ्याकडं बघितलं आणि तशीच आत परत गेली. दाढी त्यानं कोरडीच केली. हनुवटीला कापून घेतलं.

आदल्या संध्याकाळी नागम्माचे वडील, आमचे व्याही अमृतराव, अहमदपूरवरून येणाऱ्या यष्टीनं नांदेडहून आले होते. त्यांच्या ओळखीच्या एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्याला हिशोबी माणूस पाहिजे होता. जावयाची जागा तिथं पक्की करून ते लेक-जावयाला न्यायलाच आले होते. आणि माझा थोरला, गुरुपादप्पा, रात्रीपासून एकच धरून बसला होता : जायचं असेल तर जा, पण वाटणी करून जा, आणि हा सगळा दोर आपल्या वाट्याला घेऊन जा. दुकान मोडायचं, भाऊ सुटे करायचे, का दोघांनी मिळून हे लोढणं गळ्यात बांधून घ्यायचं? दोघांनीही निवाडा माझ्यावर टाकला होता. बाकी काही ऐकायचं असलं की मी अडाणी. निवाड्याला मात्र अव्वा.

*

आमच्या गावाचा जिल्हा झाला त्याच पावसाळ्यात आमचे मालक गेले. गोलाईत कुणी जिल्ह्याचे पेढे वाटले, तो पुडा आमच्या कोनाड्यात तसाच राहिला. मालक असताना दुकानाची रीत साधी होती. रेणापूरकडचा ग्यानोबा आणि त्याच्या भावकीतली माणसं घरी अंबाडीचे, घायपाताचे दोर वळायची आणि दर बाजाराला खांद्यावर टाकून आणायची. नाडे, कासरे, दावी, पोहऱ्याचे दोर. खपेल तेवढं घ्यायचं. नाही खपलं तर मालक म्हणायचे, "ग्यानोबा, ह्या बाजारी ऱ्हाऊ दे." तो म्हणायचा, "ऱ्हायलं, अप्पा." झालं. चहा पिऊन जायचा.

चन्नबसप्पा नांदेडच्या कॉलेजातून व्यापाराचं शिकून आला. त्यानं ही रीत बघितली आणि कपाळाला हात लावला.

"दर आठवड्याला खरेदी? अव्वा, ह्याच्यात आपण खपून राहिलो."

मला समजावून सांगायला बसला. खोटं कशाला बोलू, सांगणं चांगलं होतं त्याचं. म्हणाला, "समज, तू आडावरनं तांब्या-तांब्या पाणी आणायलीस. पाय मोडतील का न्हाई? आता समज, एकदाच म्हैन्याभराचं पाणी भरून ठेवलंस. तर भांडी किती लागतील, जागा किती अडंल, आन् आठ दिसांत पाण्यात किडे. मग मधी कुठंतरी एक माप असंल का न्हाई, की पायबी मोडत न्हाईत आन् किडेबी पडत न्हाईत?"

"असंल."

"ते माप काढायचं गणित हाय. मिरजेला जायचं, दलालाकडं मुक्काम, तार, चहापाणी, हे खेप ल्हान असू का मोठी, तेवढंच लागतंय. म्हणून खेपा कमी कराव्या. पण माल पडून राहिला की उंदीर, जागा, अडकलेला पैसा, म्हणून खेप लई मोठी करू न्हाई. दोन्ही खर्च जिथं बरोबरीला येतात तेवढीच मागवायची. आन् वर्साची विक्री वाढली की खेप वाढवायची."

रत्नम्मा दारातून म्हणाली, "भावजी, आत्या पाणी आणायला गेल्या कधी? पाय माझे मोडून राहिले."

तेव्हा सगळे हसलो होतो. हसण्यासारखे दिवस होते. विक्री खरोखरच वाढत होती. पाऊस एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, पण आमच्या दुकानात मुरुडची माणसं, रेणापूरची, थेट अहमदपूरकडची. गावात नवी कचेरी, जीपगाड्या, बाहेरगावचे कारकून. चन्नबसप्पा म्हणाला, "जिल्हा झाला, गिऱ्हाईक वाढलं." आम्हाला ते पटलं. घर सुधारत असलं की कारण कुणी तपासत नाही.

ग्यानोबाला त्यानं एका बाजारी सांगून टाकलं की आता तुमचा दोर नको. आता कोकणाकडचा काथ्या मिरजेमार्गे, एकदम. पहिली खेप बघता बघता उठली. गुरुपादप्पानं त्यातून ओसरीवर नवे पत्रे टाकले. मग दुसरी खेप सांगितली गेली, पहिलीपेक्षा मोठी. ती ही टेसणावरची. आणि गेल्या माघापासून पोहरा टाकावा अशी विहीरच कुठं राहिली नव्हती. गावोगाव सरकारची बोअर पाडायची गाडी फिरत होती, नाहीतर टँकर. हापशाला दोर लागत नाही आणि टँकरच्या नळीलाही. दावी-कासरे घ्यावेत तर जनावरं बाजाराला गेलेली.

*

टेसणावर काय झालं ते गुरुपादप्पानं मला सांगितलं नाही. तो सांगणाऱ्यातला नाही. ते सांगितलं गफूरभाईंनी. गफूरभाईंचं दुकान आमच्या समोर. पत्र्याचे पोहरे, बादल्या, डबे. मालकांचे जिवाचे दोस्त. दोर आमच्याकडं घ्यायचा आणि पोहरा गफूरभाईंकडं, हे आसपासच्या गावांचं ठरलेलं.

"भाबी," ते म्हणाले, "वाघिणीचं दार उघडलं तर आत दोरच दोर. अंधार दिसंना इतका भरलेला. हमाल म्हणाले, काढायचा का शेट? तुमचा गुरुपाद गुमान बसून राहिला बाकड्यावर."

बसून काय विचार करत होता ते मला न सांगता कळतं. माझ्या पोटातून आलेलं आहे ते. म्हणत असणार, राहू दे इथंच. वर दंड चढू दे. कारकून बोंबलू दे. ज्यानं मागवलं तो येऊन बघू दे. गुरुपादप्पानं आयुष्यात धाकट्यावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, आणि हेच त्याच्या छातीत दगडासारखं साचलंय. मालक होते तेव्हा शिकायला धाकटा गेला आणि दुकानात हा बसला. त्यानं तक्रार केली नाही. तक्रार न करणाऱ्याचं घरात कुणी बघत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हमालानं एक गठ्ठा दारात आणून टाकला. गठ्ठ्याला पाटी बांधलेली. वर सिद्रामप्पाचं नाव, निळ्या शाईत. गुरुपादनं ते वाचलं. म्हणला, काढा. सगळं काढा. बापाचं नाव फलाटावर पडू द्यायचं न्हाई." गफूरभाईंनी टोपी काढून घाम पुसला. "बैलगाडी मागवायला गेलो तर बैल कुठं हायत? हातगाडे केले. एकेक गाडा गोलाईतनं चालला आन् लोक दुकानातनं बाहेर येऊन बघायले. कुणी हसलं न्हाई, भाबी. हसले असते तर बरं झालं असतं."

*

आत सैपाकघरात वेगळंच चाललं होतं. रत्नम्मा एक हंडा घेऊन परत आली होती. मांडले होते चार. तिनं हंडा उतरवला आणि बघते तर नागम्मा पेटी भरत बसलेली. ह्या दोघी जावा बहिणींसारख्या. मला बोलायचं झालं की दोघी एका बाजूला, हे मी कितीदा सोसलंय. त्या दिवशी मात्र रत्नम्मानं पदरानं मान पुसली आणि म्हणाली,

"जा बाई. नांदेडला गोदावरी हाय. नळ फिरवला की पाणी."

"अक्का, मी मागितलं न्हवतं हे."

"मागावं कशाला लागतंय? तुझा बाप येतो घ्यायला. माझा बाप तिकडं निलंग्यात सोताच टँकरची वाट बघून राहिला."

"मग काय करू मी? न्हाई म्हणू?"

"म्हणून बघ की एकदा. जमतंय का."

नागम्मा चांगली पोर आहे, पण बापासमोर तिची जीभ चिकटते. पेटीत लुगडी एकावर एक ठेवत राहिली. रत्नम्माला पण वाटणी पाहिजेच होती, मला काय ठाऊक नव्हतं? रोज रात्री नवऱ्याच्या कानाशी तेच. पण वाटणी म्हणजे नागम्मा जाणार, हे तिच्या आता ध्यानात आलं. म्हणून तो राग. नवऱ्यावर काढता येत नाही, सासूवर काढायची टाप नाही. मग जी जवळची तिच्यावर.

तेवढ्यात पहिला हातगाडा दारात आला.

दुकान एवढंसं, तिथं थोडाच मावला. बाकीचा घरात. ओसरी भरली, माजघर भरलं, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गठ्ठे आले. काथ्याचा तो वास, खारट, कुबट. आमच्या कोरड्या घरात समुद्राचा वास. रत्नम्मा सैपाकघराच्या दारात दोन्ही हात लावून उभी राहिली.

"इथं एकबी गठ्ठा आला तर चुलीत घालीन. सांगून ठेवते."

"घाल," गुरुपादप्पा म्हणाला. टेसणावरून आल्यापासून त्याच्या तोंडातून निघालेला पहिला शब्द. "तेवढाच उपयोग."

*

दुपारी सगळे ओसरीवर जमलो. बसायला जमीन राहिली नव्हती, त्यामुळं गठ्ठ्यांवरच बसलो. अमृतरावांनी आधी धोतर झटकलं, मग गठ्ठा झटकला, मग बसले. गफूरभाई जायला निघाले होते, मी थांबवलं. मालकांच्या जागी एक माणूस असू द्यावा म्हणून.

अमृतरावांनी गोड सुरुवात केली. "विहीणबाई, झालं ते झालं. जावईबापूंचं डोकं हिशोबी हाय, ते वाया कशाला घालवायचं? तिथं असाच माणूस पायजे. कोणतं औषध किती मागवायचं, कधी मागवायचं. जास्ती मागवलं तर तारीख उलटून जाते. कमी मागवलं तर गिऱ्हाईक शेजारच्याकडं. मधलं बरोबर माप काढणारा माणूस सापडत न्हाई."

"मधलं माप," गुरुपादप्पा म्हणाला आणि ज्यावर बसला होता तो गठ्ठा थोपटला. "लई मऊ हाय माप. बसून बघा."

"दादा, टोमणे मारायचे तर मी आत जातो," चन्नबसप्पा म्हणाला.

"आत जायला जागा ठेवलीस का?"

"पहिली खेप उठली तव्हा हे बोलला न्हाईस. डोक्यावरचे पत्रे बघ. कशातनं आले?"

"आले. न्हाई म्हणत न्हाई. पण ग्यानोबाला मी बाजाराच्या दिवशी म्हणू शकत होतो, आज नको. ही वाघीण. तिला नको म्हणता येत न्हाई." गुरुपादप्पाचा आवाज अजूनही खालीच होता. "एकदाच मोठं घेतलं की आपलं तोंड बांधलं जातंय, चन्नू. तू खेपेचा खर्च धरलास. हे न्हाई धरलंस."

"विक्री तशीच राहिली असती तर तूच मला खांद्यावर घेऊन नाचला असतास. माझा हिशोब चुकला न्हाई. पाणीच गेलं, त्याला मी काय करू?"

अमृतरावांनी मान डोलावली. "बरोबर हाय. अस्मानी."

मला हिशोब येत नाही. अक्षर ओळखते तेवढंच. पण बाजारात बसून म्हातारी झाले आहे. गफूरभाई टोपी गुडघ्यावर ठेवून शेजारी बसले होते, त्यांच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. पत्रा कापून कापून चिरलेले हात. सहज म्हणून विचारलं.

"गफूरभाई, ह्या दोन वर्सांत तुमचं बी बरं झालं असंल. आमचा दोर इतका गेला, म्हंजे तुमचे पोहरे बी गेले असतील."

"कुठले, भाबी." ते कसनुसं हसले. "तेवढेच गेले. उलट कमीच. आता तर मी हैद्राबादला भावाकडं जायचं म्हणतोय. घरवाली चांदबी तयार न्हाई, पण काय करायचं?"

"तेवढेच?"

"हाव. जुनीच माणसं, जुनेच पोहरे. फुटला तर नवा."

माझ्या मनात काहीतरी अडकलं. दोर दुप्पट आणि पोहरे तेवढेच. जिल्हा होऊन नवं गिऱ्हाईक आलं असतं तर त्यानं पोहराही घेतला असता की. नुसत्या दोरानं कुणी पाणी काढत नाही.

"गुरुपाद," मी म्हणाले, "गल्ल्यावर तू बसत होतास. लोक दोर कशाला घेत होते?"

तो पायाखालचा काथ्याचा धागा उचलून बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "जोड द्यायला, अव्वा. जुना दोर पुरंना. पाणी खाली गेलं म्हणायचे. एक परस जोडून द्या, दोन परस जोडून द्या. पुढच्या म्हैन्यात तीच माणसं परत."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली माणसांनीच मोजतात.

म्हणजे आमचं गिऱ्हाईक वाढलंच नव्हतं. तेच लोक, त्यांच्याच विहिरी. दर महिन्याला पाणी एकेक माणूस खाली चाललं होतं, आणि तेवढा तेवढा दोर आमच्या दुकानातून त्याच्या मागं जात होता. जिल्ह्याचे पेढे वाटावेत तसा. ओसरीवरचे पत्रे त्यातून आलेले. मी वर बघितलं नाही.

"तू हे बोलला का न्हाईस कुणाला?" अमृतराव गुरुपादप्पावर घसरले. आपला जावई सुटतोय असं त्यांना वाटलं असावं. "मोठा भाऊ तू. गल्ल्यावर तू. मग ह्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्याच्यापुढं नुसते विक्रीचे आकडे."

गुरुपादप्पानं मान खाली घातली. रत्नम्मा सैपाकघराच्या दारातून दोन पावलं पुढं आली, नवऱ्यासाठी काहीतरी बोलणार होती. आणि तेवढ्यात चन्नबसप्पानं, माझ्या सरळ बोलणाऱ्या लेकानं, ज्याच्या अंगावर आळ येत नव्हता त्यानं आपणहून तोंड उघडलं.

"मला ठाऊक होतं की."

अमृतरावांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"दादानं सांगायची गरज न्हवती. मी काय आंधळा हाय? मुरुडकडच्या विहिरी खाली गेल्या तव्हा मुरुडची विक्री वाढली. मग रेणापूर. मग अहमदपूर. कुठलं गाव किती खाली जाऊन राहिलंय हे मी बघतच होतो. दर उन्हाळ्याला इतकं खाली जातं, म्हंजे यंदा आणखी इतकं जाणार. तेच तर धरलं दुसऱ्या खेपेला." त्यानं हात पसरले, कुणी साधी गोष्ट समजून घेत नाही म्हणून दमल्यासारखे. "फकस्त तळ लागंल हे ध्यानात आलं न्हाई. तेवढीच चूक."

"कधी मागवलीस ही खेप?" मी विचारलं.

"दसऱ्याला. पाऊस गेला हे नक्की झालं तव्हा. उन्हाळ्याला पोचंल अशी."

रत्नम्माच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. "भावजी. दसऱ्याला तुम्ही आम्हा दोघींना लुगडी आणली."

"आणली. मग?"

"नागम्मा तुम्हाला इचारली, कशाची खुशी. तुम्ही म्हणलात, औंदा लई चांगलं जाणार."

त्यानं नजर खाली वळवली. लाजून नव्हे. आठवत होता. आठवलं तसं मान हलवली, हो, म्हणालो होतो.

त्याच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं. हेच मला सोसवेना. पाप असतं तर कानाखाली वाजवता आलं असतं. लहानपणी हा पोरगा मुंग्यांच्या रांगेला पाय लागू नये म्हणून उडी मारून जायचा. हाच तो. कुणाचं वाईट त्यानं चिंतलं नव्हतं. त्यानं फक्त पुढचं धरलं होतं.

आतून पेटीचं झाकण वाजलं. नागम्मा बाहेर आली. हातात ते दसऱ्याचं लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. तिनं ते नवऱ्याशेजारच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि बापाकडं न बघता जाऊन रत्नम्माच्या मागं उभी राहिली. रत्नम्मानं न वळता हात मागं केला आणि तिचं मनगट धरलं.

"नागा, हे काय?" अमृतराव उठले. "यष्टीची वेळ होऊन राहिली. विहीणबाई, तुम्ही सांगा तिला. अहो, व्यापार हाय हा. ह्यात एवढं काय वाईट? छत्री विकणारा पावसाची वाट बघतोच की."

"छत्री घेतलेला माणूस कोरडा घरी जातो, अमृतरावजी," मी म्हणाले. "आमचा दोर घेऊन तो कोरड्या आडात वाकून बघत होता."

"मग काय करायचं होतं? दोर विकायचाच न्हाई?"

"विकायचा. लागंल त्याला द्यायचाच. मालकांनी बहात्तरच्या दुष्काळात बी विकला. पण पाऊस गेला म्हणून त्यांनी घरात लुगडी आणली न्हाईत."

गफूरभाई तोंडातल्या तोंडात "या अल्ला" म्हणाले आणि टोपी घातली. गुरुपादप्पा माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. रात्रभर वाटणी वाटणी करणारा माझा थोरला.

"अव्वा, जाऊ दे त्याला," तो हळू म्हणाला. "दोर मी बघतो. वाटणीबी नको. त्याला हितं ठेवून काय करायचं? तिथं कमवून खाईल. सोड त्याला."

दोन भाऊ असे असतात, आणि आपण उगीच त्यांची भांडणं खरी धरतो. चन्नबसप्पाचे डोळे पहिल्यांदा भरले. त्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका घडीत माझं घर पुन्हा जुळलं होतं, आणि जुळलं ते एकाला घालवून देण्यासाठी.

अमृतरावांनी पेटी उचलायला हाक मारली. चन्नबसप्पा माझ्या पाया पडायला वाकला. पाया पडू द्यावं, डोक्यावर हात ठेवावा, तोंडातून एक बरा शब्द काढावा आणि यष्टीत बसवून द्यावं. कुणीही आई तेच करते. मी पाय मागं घेतले.

"अव्वा?"

"चन्नबसप्पा, खाली बस."

तो बसला.

"तू हिशोब चुकला असतास तर मी तुला सोडलं असतं," मी म्हणाले. "ह्या दोराचं मला काही न्हाई. सडला तर सडला, दुकान बुडलं तर बुडलं. पण लोकांच्या आडातलं पाणी खाली जाऊन राहिलं हे तुला दिसलं, आन् तू आणखी खाली जायची वाट बघितलीस. त्या नांदेडच्या दुकानात आता औषधं हायत. थंडीतापाची साथ आली की तुझी विक्री चढंल. कुठल्या गावात किती जण निजले ते तू बघत ऱ्हाशील, पुढच्या म्हैन्याला आणखी किती निजतील ते धरशील, आन् त्याच्याबी मापाची खेप मागवशील. तुझं माप बरोबरच येईल, मला ठाऊक हाय. आन् त्या रातच्याला तू हसतमुखानं घरी येशील. म्हणून सांगते, तू नांदेडला जायचा न्हाईस. तू माझ्या पोटचा हायस. तुझ्यापास्नं दुसऱ्यांची गावं राखायची, हे काम माझंच हाय."